गाडी येते का?

मराठी भाषेने माझ्यावर आयुष्यात एकच मोठा डाव टाकला, आणि तो तीन शब्दांत टाकला.

त्या वेळी मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. इतका बसलो होतो, की आमच्या मीरा रोडच्या फ्लॅटमधल्या खुर्चीला माझा आकार आला होता आणि पाहुणे तिच्यात बसले की दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखे अवघडायचे. बाबा सरकारी कचेरीत कारकून. ते कमी बोलायचे, पण जे बोलायचे त्यावर शिक्का मारलेला असायचा. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. नाहीतर मामाकडे."

मामाकडे म्हणजे कोकणात, मामाच्या पिठाच्या गिरणीवर. मामा विसाव्या वर्षी काळ्या केसांनी त्या गिरणीत शिरला आणि पांढरा होऊन बाहेर आला. ते वय की पीठ, हे मामीलाही अजून नक्की सांगता येत नाही. पट्ट्याच्या घरघरीमुळे तो घरातही ओरडूनच बोलायचा. "मीठ वाढ" म्हणाला तरी शेजारच्या वाडीतून कुणीतरी मीठ घेऊन यायचं. एकदा त्या गिरणीत गेलो की माझी सुटका नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मामाला मुलगा नव्हता, आणि माझ्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत ती गिरणी फिरताना मला दिसायची.

अशा वेळी काशीमीऱ्याच्या एका शेठने मुलाखतीला बोलावलं. हायवेच्या कडेला, दोन गॅरेजांच्या मध्ये त्यांचं गोदाम होतं. मच्छीमारांना लागणारे नायलॉनचे दोर आणि जाळी ते विकत. शेठ मूळचे कच्छी, पण मराठी आमच्यापेक्षा जोरात बोलायचे. दोरांच्या भेंडोळ्यांमध्ये ते असे बसले होते, की माणूस कुठे संपतो आणि माल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. बाहेरून ट्रक चालले होते, त्यामुळे प्रत्येक तिसरा शब्द ट्रकखाली जात होता.

"राहतो कुठे?"

"मीरा रोडला. स्टेशनपासून जरा आत."

"गाडी येते का?"

आता मला सांगा, राहायचं ठिकाण विचारल्यावर लगेच "गाडी येते का" म्हटलं तर माणूस काय समजेल? आमच्या बाजूला नव्यानेच बस सुरू झाली होती. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "येते. पण कधीकधी थांबत नाही."

शेठ पोट धरून हसले. दोरांची दोन भेंडोळी घरंगळली. "मग ब्रेक करून घे," ते म्हणाले. "माणूस खरं बोलतो. बाकी सगळे सांगतात, शेठ, एक हात सोडून चालवतो. दसऱ्यानंतरच्या सोमवारी गाडी घेऊन ये. उत्तन, पाली, चौक, ती किनाऱ्यावरच्या गावांची सगळी लाइन तुझी. गावात फिरायचं, नमुने दाखवायचे, ऑर्डर घ्यायची. गाडी स्वतःची पाहिजे, पेट्रोल माझं."

तेव्हा मला समजलं की ते कुठल्या गाडीबद्दल विचारत होते. तोंड उघडलं, तेवढ्यात एक ट्रक गेला. ट्रक गेला तोवर शेठनी दुसऱ्याला आत बोलावलं होतं. आणि खरं सांगायचं तर मागे गिरणी फिरत होती. मी तोंड मिटलं.

गाडी मिळाली ती आमच्या इमारतीतच. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका तळमजल्यावर राहायचे. त्यांच्या खिडकीखाली एक लहानशी, स्वस्तातली मोटरसायकल ताडपत्रीखाली उभी असायची. सगळ्यांनी ती धुतलेली पाहिली होती, पुसलेली पाहिली होती, दसऱ्याला झेंडू घातलेली पाहिली होती. चालवलेली मात्र कुणीच पाहिली नव्हती. आकाराने ती सायकल आणि बकरी यांच्या मधली होती आणि आवाजाने डंपरच्या वरची. किक मारली की तिसऱ्या मजल्यावरच्या मांडणीतली भांडी आपापसात बोलायला लागायची. बाबांनी ती काकांकडून मला विकत घेऊन दिली. का घेतली, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "गेटबाहेर न्यायची नाही. आधी आत शीक."

बाबांचंही बरोबर होतं. आमच्या गेटबाहेर तेव्हा रस्ता नव्हता, रस्त्याचं आश्वासन होतं. ते आश्वासनसुद्धा गटारासाठी मधोमध खणून ठेवलं होतं.

गेटच्या आत आमचं कंपाउंड. बिल्डरने इमारत बांधताना तिथली शेतं, विहीर, बांध सगळं गिळलं, पण एका औदुंबराला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. तो कंपाउंडच्या मध्यभागी तसाच राहिला, आणि मग सोसायटीने त्याला पार बांधून वर दत्ताच्या पादुका बसवल्या. पाराभोवती फिरायला जेमतेम एका गाडीची वाट. एका बाजूला पार, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि वर चार मजले गॅलऱ्या, प्रत्येक गॅलरीत सल्ला देणारं एक तोंड.

पहिल्या दिवशी सेक्रेटरी काकांनी क्लच, गिअर, ब्रेक दाखवला आणि एकच नियम सांगितला.

"उलटं फिरायचं नाही."

"म्हणजे?"

"पार उजव्या हाताला ठेवायचा. दत्ताला उलटी प्रदक्षिणा चालत नाही. वरची टाकी आधीच गळतेय, त्यात आणखी काही नको."

"काका, मी प्रदक्षिणा घालत नाहीये. गाडी शिकतोय."

"ते तू मला सांगशील. देवाला कसं कळणार?"

 यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर मला कळवू नका, आता उपयोग नाही.

तर मी उजवीकडून फिरायला लागलो. सकाळी फिरायचो, संध्याकाळी फिरायचो, बाबा कचेरीतून येईपर्यंत फिरायचो. दुसरा गिअर टाकला की पुढच्या क्षणी भिंत यायची, म्हणून जन्म पहिल्या गिअरमध्ये गेला. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती मावशींना माझी दया आली. गॅलरीतून त्यांनी विचारलं, "बेटा, मन्नत है क्या?" मी म्हटलं, "नौकरी के लिए है, मासी." खोटं थोडंच होतं? संध्याकाळी त्यांनी खोबऱ्याचा तुकडा आणून दिला आणि दत्ताला म्हणाल्या, लडका बहुत मेहनत कर रहा है.

गोल फिरून फिरून माझ्यात बदल व्हायला लागले. टायर उजव्या बाजूने गुळगुळीत झाला. मान उजवीकडे कलली ती जेवतानाही कललेली राहायची, त्यामुळे आमटी नेहमी ताटाच्या एकाच बाजूला जायची. स्वप्नातही मी फिरत असायचो, आणि स्वप्नातही पार उजव्या हाताला. चक्कीत जायचं नाही म्हणून मी गाडी शिकत होतो, आणि घरच्या घरी मीच जात्याची वरची तळी झालो होतो. गेट तर समोर दिसायचं. दर फेरीला दिसायचं, आणि दर फेरीला मागे जायचं.

मला अगदी शेवटपर्यंत एक गोष्ट सुचली नाही. सेक्रेटरी काकांना सुचली नाही, बाबांना सुचली नाही, चार मजल्यांच्या गॅलऱ्यांतल्या एकाही तोंडाला सुचली नाही. ती त्या सोमवारी सकाळी, हँडलला लिंबूमिरची बांधून मी गेटबाहेर पडलो तेव्हा कळली.

मला डावीकडे वळता येत नव्हतं.

काशीमीऱ्याला जायला आमच्या गेटमधून डावीकडे वळायला लागतं. मी हँडल डावीकडे केलं. पण अंग सवयीने उजवीकडे कललं. हँडल एकीकडे, मी दुसरीकडे, आणि गाडी दोघांचंही न ऐकता सरळ समोरच्या शहाळेवाल्याकडे निघाली. शहाळेवाला कोयता घेऊन उभा राहिला. मी घाबरून उजवीकडे वळवली, तर काय सांगू, लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली.

मग हिशोब केला. उजवीकडे, उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडे गेलं की डावीकडे गेल्यासारखंच. भूमितीत हे बरोबर आहे. पण मीरा रोड तेव्हा अर्धंच बांधलं होतं आणि भूमिती उरलेल्या अर्ध्यात होती. तीन उजवी वळणं घेतली आणि मी पुन्हा आमच्याच गेटसमोर आलो. बाबा गॅलरीत दाढी करत उभे होते, अर्धा गाल साबणाचा.

"काय विसरलास?"

"काही नाही बाबा. टायर गरम करतोय."

पुन्हा एक फेरी. बाबांचा दुसरा गाल झाला होता.

"अजून गरम झाला नाही?"

 तिसऱ्या फेरीला ते टॉवेलने तोंड पुसत नुसते बघत होते. ती नजर मला ओळखीची होती. मामाला पत्र लिहायला बसताना ते शाईच्या बाटलीकडे असेच बघायचे.

तेव्हा मी गाडीवरून उतरलो. ती हाताने धरली, म्हाताऱ्या नातेवाइकाला वळवावं तशी हळूच डावीकडे वळवली, पुन्हा बसलो, किक मारली आणि निघालो. काशीमीऱ्यापर्यंत जिथे जिथे डावं वळण आलं तिथे तिथे हेच केलं. रिक्षावाले शिव्या घालत होते, "अबे चला, नहीं तो घर बिठा." सगळ्या जगाला उजव्या वळणाची भीती, कारण समोरून येणारा लोंढा कापायला लागतो. हायवेला तर ट्रक डोंगरासारखे यायचे. मी त्या ट्रकांच्या मधून उजवीकडे असा वळायचो की ड्रायव्हर खिडकीतून हात जोडायचे. आणि कोपऱ्यावर एक साधं डावं वळण दिसलं की मी गाडीवरून उतरायचो.

गोदामासमोर मी गाडी हाताने वळवत आलो, ते शेठनी पाहिलं.

"बंद पडली?"

"नाही शेठ. जपतोय."

"वा," शेठ म्हणाले. पायांत चपला घातल्या, दोरांच्या नमुन्यांची पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या मागे येऊन बसले. "चल. आज मी येतो. चौकला ओळख करून देतो. माणसं चांगली आहेत, पण नवीन तोंड दिसलं की दोर बघत नाहीत, तोंड बघतात."

गाडीचं मागचं टोक खाली गेलं आणि पुढचं चाक आकाशाकडे बघायला लागलं.  एकटा असतो तर उतरून वळवली असती. शेठ मागे असताना उतरणार कसा? शेठना उतरवून सांगणार काय? पुढे हँडल, मागे शेठ, मध्ये मी. कंपाउंडमध्ये निदान वरून आकाश मोकळं होतं. इथे शेठचं पोट माझ्या पाठीला टेकलेलं, पिशवी माझ्या बरगडीत, आणि चौक वीस गावांइतका लांब वाटायला लागला.

निघतानाचं वळण उजवं होतं, निभावलं. भाईंदरकडे जाणारा रस्ताही उजवीकडे फुटतो, तोही निभावला. शेठ खूश होऊन मागून म्हणाले, "हात साफ आहे तुझा." मग आलं भाईंदरचं रेल्वे फाटक. रूळ ओलांडायला तिथे डावीकडे वळायलाच हवं.  पण दत्ताने माझ्या फेऱ्या मोजल्या असाव्यात, कारण फाटक बंद होतं. शेठ म्हणाले, "जरा सोडा पितो," आणि उतरले. त्यांची पाठ वळली तशी मी गाडीला मिठी मारून तिचं तोंड डावीकडे केलं. ते ढेकर देत परत आले तेव्हा गाडी फाटकाकडे तोंड करून शहाण्यासारखी उभी होती.

फाटकापलीकडे मिठागरांमधून रस्ता. तिथे बारीकसारीक डावे बाक होते, पण बाक रस्ता स्वतःच घेतो, आपण फक्त सोबत जायचं असतं. माणसाला घ्यावे लागतात ते कोपरे. उत्तन आलं, गेलं. पाली आली, गेली. समुद्राचा वारा लागला, सुक्या बोंबलांचा वास आला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की जमलं.

तेवढ्यात चौकच्या अलीकडे रस्ता दोन झाला. डावीकडचा चढ गावात जात होता. उजवीकडचा उतार सरळ वाळूकडे.

"डावीकडे घे," शेठ म्हणाले.

मी उजवीकडे घेतली.

"अरे, डावीकडे."

"शेठ, इकडून वारा बरा आहे."

वाळूत बांबू रोवून, त्यांच्यामध्ये दोर ताणून, त्यावर बोंबील वाळत घातले होते. तोरणांसारख्या रांगाच रांगा. दोन रांगांच्या मधली वाट आमच्या कंपाउंडएवढीच अरुंद, आणि उतारावर गाडी, मी मुलाखतीत सांगितलं होतं तशी, थांबत नव्हती. गाडी त्या वाटेत शिरली. रांग संपली, मी उजवीकडे वळलो, पुढच्या रांगेत शिरलो. ती संपली, पुन्हा उजवीकडे. शेठ मागून कच्छीत काहीतरी म्हणत होते, ते देवाला होतं की मला, कळलं नाही. बोंबील माझ्या कानाला लागत होते. तिसऱ्या वळणाला माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा प्रदक्षिणा घालतोय, फक्त या वेळी माशांना.

मग समोर एक बाई आली. साठीची, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. ती उजव्या बाजूची वाट अडवून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"डावीला वल रं, मेल्या. तिकरं माजं सगलं सुकत हाय."

उजवीकडे बाई. डावीकडे वाट मोकळी, रुंद, अख्खं गाव जाईल एवढी. आणि मला ती घेता येत नव्हती. मी डोळे मिटले.

पुढे जे झालं ते शेठनी केलं. बाईला बघून त्यांनी डावीकडे उडी मारायचं ठरवलं. उडी त्यांच्याच्याने झाली नाही, पण सगळं वजन डावीकडे गेलं. त्या वजनापुढे माझी सवय, दत्त, सेक्रेटरी काका, कुणाचंच चाललं नाही. गाडी डावीकडे वळली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं डावं वळण. ते घेऊन आम्ही दोघे सरळ एका दोरावर आदळलो, दोर फटकन तुटला, आणि बोंबलांची अख्खी रांग आमच्यावर हार घातल्यासारखी पडली.

गाव जमलं. मला गाडीखालून ओढणारे, हसणारे, बोंबील गोळा करणारे. मी वाळूत पडल्या पडल्या गिरणीचा आवाज ऐकत होतो, अगदी स्पष्ट. बाई तुटलेल्या दोराचं टोक हातात घेऊन शेठकडे आली. शेठच्या डोक्यावर एक बोंबील होता. त्यांनी तो काढला नाही. दोराचं टोक हातात घेतलं, बोटांत चोळलं, त्याचे तंतू सुटले.

"बाई, हा कुजलाय आतून," शेठ म्हणाले. "आमचा दोर असता तर तुटला नसता."

"तुमचा दोर आसता," बाई म्हणाली, "तं ह्ये पोराची मान तुटली आसती."

लोक हसले. पण तिने पिशवीतला नमुना ओढून घेतला, दोन्ही हातांनी ताणला, दाताने चावून बघितला. मग शेजारणीच्या हातात दिला. ती पहिली ऑर्डर. तुटलेल्या रांगेचा दोर शेठनी तसाच द्यायचं कबूल केलं, आणि वाळूत पडलेल्या बोंबलांचंही बघतो म्हणाले. कुणी माझं तोंड बघितलं नाही, सगळ्यांनी दोर बघितला. ओळख करून द्यायचं काम राहिलंच नाही.

परत निघायची वेळ झाली तेव्हा शेठ गाडीपासून चार हात लांब उभे राहिले. अंगाला वाळू, वासाला बोंबील. त्यांनी बाईला विचारलं, "इथे गाडी येते का?"

बाई म्हणाली, "येतं. पन कदीकदी थांबत न्हाय."

 शेठनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ती मुलाखत पुन्हा एकदा पहिल्यापासून चाललेली मला दिसत होती. राहतो कुठे, जरा आत, गाडी येते का.

"तू," शेठ म्हणाले, "त्या दिवशी बसचं सांगत होतास?"

मी गाडीचा आरसा पुसायला घेतला. आरसा फुटलेला होता, तरी पुसला.

तेवढ्यात बस आली. शेठनी हात केला, बाईने हात केला, मीसुद्धा मनापासून हात केला. बस आमच्यावर धूळ उडवून निघून गेली. दुसरी कधी, ते बाईला माहीत नव्हतं.

शेठनी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्हीकडे बघितलं. मग पिशवी खांद्याला लावली, धोतर सावरलं आणि माझ्या मागे येऊन बसले.

"डावं वळण आलं की मला सांगायचं," ते म्हणाले. "मी कलतो."

सांगत, कलत, आम्ही काशीमीऱ्याला पोचलो. उतरताना ते एवढंच म्हणाले, "उद्या नऊला. उद्यापासून एकटा."

घरी आलो तेव्हा बाबा गेटमध्ये उभे होते. मी गाडी हाताने आत आणली. त्यांनी एकदा वास घेतला, आणि काही विचारायच्या आत मी म्हटलं, "नोकरी लागली." ते मान हलवून वर गेले. मी पाराजवळ उभा राहिलो. उद्या नऊला जायचं होतं, आणि मागे कलायला शेठ नसणार होते. सेक्रेटरी काकांची खिडकी बंद होती. मी दत्ताला हात जोडले, चपला काढल्या, किक मारली आणि पार डाव्या हाताला ठेवून निघालो.

वरची टाकी अजूनही गळतेच. काका मरेपर्यंत माझ्याकडे संशयाने बघायचे.